मोहित्यांच्या फोनची एकवीस पाळ्यांची ट्रायल

आमच्या कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात, मशिनीखाली लोखंडाचा कीस साठतो. तो कोणी मुद्दाम तयार करत नाही. काम चालू असलं की पडतो, बुटांना चिकटतो आणि मोज्यांत शिरून घरापर्यंत जातो. माझ्या वहीतल्या गोष्टींचंही तसंच आहे. पाळी संपली की बसमध्ये बसून मी चार ओळी लिहितो: कुठल्या मशिनीचा पट्टा तुटला, कोण रजेवर गेलं, डब्यात कुणाकडे काय होतं. महिन्याने वही चाळली की लक्षात येतं, कामाच्या ओळी थोड्या आणि मोहिते जास्त.

मोहिते म्हणजे आमच्या टूलरूमचे सगळ्यात जुने कारागीर, मूळचे उदगीरकडचे. मी मेंटेनन्समध्ये. निगडीहून निघोज्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये मागच्या बाकावर खिडकीशी ते आणि शेजारी मी, ही व्यवस्था इतकी जुनी आहे की दोघांपैकी एक दिसला नाही तर ड्रायव्हर दुसऱ्याला विचारल्याशिवाय बस सोडत नाही.

या बाकावरून मोहित्यांनी वर्षानुवर्षं एकच कीर्तन लावलं होतं. खरा फोन म्हणजे अँड्रॉइड, बाकी सगळा देखावा.

"आयफोन म्हणजे वरातीचा घोडा, अण्णा. नाचतो झकास. पण त्याच्यावर बसून रानात जाता येतं का? मी काय चुकीचं बोलायलोय का?"

अण्णा म्हणजे मी. माझाही फोन अँड्रॉइडच, त्यामुळे मी मान हलवायचो.

यंदा गणपतीला त्यांची एकुलती एक मुलगी ऋता हैदराबादहून आली. तिला तिथे नुकतीच नोकरी लागली आहे. आरती झाल्यावर तिने वडिलांच्या हातात एक पांढरा खोका ठेवला. पहिल्या पगारातून घेतलेला आयफोन.

"पप्पा, खुल्या मनानं वापरा. नाही आवडला तर परत द्या. मी रागावणार नाही."

'मी रागावणार नाही' हे वाक्य मोहिते वहिनीही वापरतात. त्यामुळे त्याचा अर्थ मोहित्यांना पाठ होता.

विसर्जनानंतर बसमध्ये भेटले तेव्हा चेहरा उतरलेला. "आवडला म्हटलं तर या बाकावर बसायची सोय राहणार नाही. नाही आवडला म्हटलं तर पोरगी दसऱ्याला यायलीय, तिच्या तोंडाकडं बघायची सोय राहणार नाही. काय करावं?"

मी म्हटलं, "नव्या पुरवठादाराचा माल आला की आपण काय करतो?"

मोहिते खिडकीतून माझ्याकडे वळले. तळवडे यायच्या आत सगळं ठरलं. एकवीस पाळ्यांची ट्रायल. मनात पूर्वग्रह नको. निरीक्षणं मी लिहायची, कारण वही माझ्याकडे. शेवटी निकाल. गुरुवारच्या सुट्ट्या वगळून मोजलं तर एकविसावी पाळी बरोबर खंडेनवमीला येत होती, आणि ऋता त्याच्या आदल्या दिवशी.

त्यांनी क्वालिटी खात्यातून रीतसर ट्रायल कार्ड आणलं. त्यात खाली दोन सह्या असतात, पहिल्या तपासनिसाची आणि दुसऱ्या तपासनिसाची. दुसरा पहिल्याच्या खात्यातला चालत नाही. मी विचारलं, "दुसरा कोण?"

"ते बघू नंतर."

घरी वहिनींनी वेगळाच मुद्दा काढला. पितृपक्ष लागला होता. "या पंधरवड्यात नवी वस्तू वापरायची नसते, एवढंही कळत नाही?"

मोहिते म्हणाले, "वापरतंय कोण? ट्रायल घेतोय."

*

ट्रायलचा एक नियम आहे. नवा माल लाइनवर चढला की जुना लाइनवरून उतरवायचा, म्हणजे दोन्ही मिसळत नाहीत. उतरवलेला माल लाल पिंजऱ्यात जातो. पिंजरा म्हणजे स्टोअरच्या कोपऱ्यातली जाळीची, लाल रंग दिलेली खोली. त्यात खराब आणि निकाल न लागलेला माल कुलपात असतो. किल्ली स्टोअर सांभाळणाऱ्या येळवंड्यांकडे. हे इथलेच, निघोज्याचे. कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्यांनी लहानपणी म्हशी चारल्या आहेत, त्यामुळे कंपनीत ते कुणालाच पाहुणे वाटत नाहीत, उलट आम्ही सगळे त्यांना वाटतो.

मोहिते सिमकार्ड काढून जुना फोन घेऊन गेले. येळवंडे म्हणाले, "लेबल लावा सायेब. बिनलेबलाचा माल आमी आत घेत न्हाई."

लेबलावर तीन रकाने असतात. वस्तू: फोन. नग: एक. तिसरा रकाना, दोष. तिथे मोहित्यांचं पेन अडलं.

"दोषच नाही तर लिहू काय?"

"दोष न्हाई तर हितं आलाच कशाला?"

दहा मिनिटं दोघं एकमेकांकडे बघत उभे होते. शेवटी मोहित्यांनी लिहिलं, 'निर्णय प्रलंबित.' येळवंड्यांनी ते दोनदा वाचलं, फोन आत ठेवला आणि कुलूप लावताना म्हणाले, "आमच्या भावकीतल्या जमिनीवानी झालं ह्ये."

*

ट्रायलच्या तिसऱ्या पाळीला बसमध्ये मोहिते नव्या फोनवर नात्यातल्या एका लग्नाचे फोटो बघत होते. एक फोटो उघडला, त्यांच्या साडूंचा, जवळून काढलेला, फेट्यासकट. बघून झाला. मग मोहित्यांचा अंगठा पडद्याच्या खाली गेला आणि तिथेच थांबला. जुन्या फोनला तिथे मागे जायचं बटण होतं. इथे काहीच नव्हतं.

त्यांनी खाली दाबलं, वर दाबलं, कोपरे दाबून बघितले. साडू थोडे मोठे झाले. पुन्हा दाबल्यावर आणखी मोठे झाले, आता नुसत्या मिशा. देहू फाट्याला त्यांनी पडदा बंद करून फोन खिशात ठेवला. तळवड्याला बाहेर काढून चालू केला. मिशा तिथेच.

मी म्हटलं, "बोट वरून खाली ओढून बघा."

"अण्णा, अंदाजपंचे नको. ट्रायल आहे."

कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षकाला ओळखपत्र दाखवताना चुकून त्यांनी फोनच दाखवला. त्याने मिशांकडे बघितलं, मोहित्यांकडे बघितलं आणि आत सोडलं.

"साडू असाच आहे," मोहिते मला म्हणाले. "घरी आला तरी लवकर जात नाही."

वहीतली नोंद: 'निरीक्षण ३. आत जाता येते. बाहेर येण्याचा मार्ग शोधणे चालू.'

*

मोहित्यांचा जुना फोन अंगठ्यावर उघडायचा. नवा चेहरा बघून उघडतो. घरी आंघोळ करून, केस विंचरून त्यांनी तो चेहरा फोनला दाखवला होता. टूलरूममध्ये त्याच चेहऱ्यावर हेल्मेट, गॉगल आणि मास्क. फोन ढिम्म. म्हणून मोहिते दर वेळी सगळं उतरवायचे, फोन उघडायचे आणि पुन्हा चढवायचे.

आमच्या क्वालिटीच्या प्रमुख कुलकर्णी मॅडमनी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्या थांबल्या. "मोहिते, चालू मशिनीजवळ गॉगल काढलात आणि डोळा गेला, तर फोन कुणाच्या तोंडाने उघडणार?"

मोहिते वरमले. पण ते टूलरूमचे. टूलरूममध्ये एखादी वस्तू नीट बसत नसेल तर तिला दटावत बसत नाहीत, तिच्यासाठी फिक्स्चर करतात. म्हणजे वस्तू दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात बसावी असा पक्का साचा. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भंगारातून एक जाड लोखंडी प्लेट काढली, तिला काटकोनी पट्टी जोडली, फोनसाठी खाच केली आणि पुढे हनुवटी टेकवायला व्ही आकाराचा ठोकळा. अंतर फूटपट्टीने नाही, व्हर्नियरने मोजलं.

तो ठोकळा मशिनीपासून लांब, चहाच्या टेबलावर बसवला. मोहित्यांनी गॉगल-मास्क काढून हनुवटी टेकवली. फोन उघडला. दहा वेळा टेकवली, दहा वेळा उघडला. टूलरूमची पोरं रांग लावून बघत होती.

मॅडमही आल्या. चारी बाजूंनी बघून म्हणाल्या, "उत्तम काम आहे. पण बाजारात फोन उघडायचा झाला तर हा सहा किलोचा ठोकळा पिशवीत घालून हिंडणार का?"

मोहित्यांनी त्यावर मनापासून विचार केला.

"ॲल्युमिनियममध्ये काढला तर दोन किलोत बसवतो, मॅडम."

*

कॅमेऱ्याची चाचणी चाकणच्या एका मिसळीच्या हॉटेलात झाली. पद्धत मोहित्यांचीच: एकाच ताटाचे दोन फोटो, एक नव्या फोनने, एक माझ्या अँड्रॉइडने. कुठला कुणाचा ते न सांगता परीक्षकाला दाखवायचे. परीक्षक येळवंडे, कारण त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे आणि ते कुठल्याच बाजूचे नाहीत.

येळवंड्यांनी चष्मा लावून दोन्ही फोटो बराच वेळ पाहिले. मग माझ्या फोनवर बोट ठेवलं.

"ह्याच्यात तर्री कमी हाय."

मोहिते म्हणाले, "मिसळ नका बघू, फोटो बघा."

"फोटोच बघतोय. फोटोत दिसतंय म्हून तर सांगतोय. आन फरसाण बी एका बाजूनं खचलंय."

"एकच ताट आहे ते!"

"न्हाई सायेब. मी चाळीस वर्सं मिसळ खातोय. ही दोन येगळी ताटं हायेत."

शेवटी मला वही उघडावी लागली, कारण मी वेळेसकट लिहितो. पहिला फोटो मोहित्यांनी काढला. मग मी माझा फोन पिशवीतून काढून कॅमेरा पुसला. या मधल्या वेळात मोहित्यांनी तीन चमचे खाल्ले होते.

त्यांनी ते मान्य केलं. "चाचणीत चूक झाली," म्हणाले. "पण भूक लागली होती, हेही लिहा."

*

दर गुरुवारी सुट्टीच्या संध्याकाळी ऋताचा व्हिडिओ कॉल यायचा. "पप्पा, कसा आहे फोन?"

मोहिते दर वेळी एकच उत्तर द्यायचे. "ट्रायल चालू आहे."

दुसऱ्या गुरुवारनंतर शुक्रवारी ते बसमध्ये चढले तेच खुशीत. "अण्णा, लाल शाई काढा. दोष सापडला. ऋता बोलायली तेव्हा तिच्या कपाळापासून कानापर्यंत धुरकट रेघ. पडदा खराब."

मी लाल शाईत लिहिलं, 'दोष १. पडद्यावर तिरकी रेघ.' मोहित्यांना आठवड्याभरात इतकं हलकं झालेलं मी पाहिलं नव्हतं. आता निकाल सोपा. फोनच सदोष निघाला, त्याला बाप काय करणार आणि मुलगी तरी काय करणार?

दुपारी कुलकर्णी मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दोष इथला आहे की समोरून येतोय, ते तपासलं का?"

तपासलं नव्हतं. तिथल्या तिथे मोहित्यांनी मला व्हिडिओ कॉल लावला. रेघ नाही, नुसता मी. घरी गेल्यावर त्यांनी ऋताला वहिनींच्या फोनवर कॉल करायला लावला. वहिनींच्या फोनवरही तीच रेघ, त्याच कपाळावर.

शनिवारी बस निगडीहून निघाली आणि मोहित्यांनी माझी वही उघडून पुढे धरली. मग म्हणाले, "तो दोष खोडा."

"का?"

"रेघ हैदराबादहून यायलीय. तिच्या फोनची काच पार कॅमेऱ्यापर्यंत फुटलीय. जिन्यात पडला होता म्हणे. चालतंय तसंच, म्हणाली."

आमच्याकडे नोंद खोडायची रीत आहे. एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही. मी रेघ मारली, मोहित्यांनी सही केली. त्या दिवशी तळवड्याच्या चौकात बस अर्धा तास अडकली होती. एरवी त्या चौकात मोहिते वाहतुकीवर व्याख्यान देतात. त्या दिवशी त्यांनी नव्या फोनवर काहीतरी शोधत वेळ काढला. मागे कसं यायचं ते त्यांना आता जमत होतं.

*

पंधराव्या पाळीला गिऱ्हाईक कंपनीचे ऑडिटर आले. बारीक चष्मा, कमी बोलणं. सगळा कारखाना हिंडून सव्वाबाराला ते लाल पिंजऱ्यापाशी पोचले. मागे कुलकर्णी मॅडम, त्यांच्यामागे फाइल धरून मी.

आणि पिंजऱ्यात सनई वाजायला लागली.

मोहित्यांची रक्तदाबाची गोळी सव्वाबाराला असते. त्याचा गजर जुन्या फोनमध्ये लावलेला. दोन आठवडे कुलपात पडलेला फोन अजून वाजतोच कसा, हे मला कळेना. ऑडिटरांनी येळवंड्यांना जाळी उघडायला सांगितली. खराब पत्र्यांच्या ढिगाशेजारी स्वच्छ पुसलेला फोन, आणि त्याला चार्जरची वायर.

"हा कोणता पार्ट?"

मॅडमनी डोळे मिटले. येळवंडे म्हणाले, "मोहिते सायबांचा जुना फोन. दोष काय न्हाई त्याच्यात."

"दोष नाही तर पिंजऱ्यात का?"

"मी बी पयल्या दिवशी ह्येच इचारलं."

"आणि चार्जिंग कशासाठी?"

येळवंड्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं. "जित्राब कोंडवाड्यात घातलं म्हून त्याचं वैरण-पाणी बंद करतात व्हय, सायेब?"

ऑडिटरांनी काहीच भाव न दाखवता लिहून घेतलं. त्यांचा अहवाल माझ्याकडे आहे. 'लाल पिंजऱ्यात निर्णय प्रलंबित असलेला एक नग आढळला. मूळ कारण शोधून खंडेनवमीपर्यंत कळवावे. मालाची देखभाल उत्तम.'

मोहित्यांचा निकाल आता घरचा राहिला नव्हता. तो गिऱ्हाइकाला पाठवायचा होता.

*

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनी धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, मायक्रोमीटर-व्हर्नियर पाटावर मांडून हळदकुंकू वाहतात. घरच्यांना कंपनीत यायची मुभा असते. मोहिते वहिनी आणि ऋता आल्या होत्या. पूजेच्या पाटावर कुणीतरी हनुवटीचं फिक्स्चरही ठेवलं होतं, त्याच्या व्ही ठोकळ्यात एक फूल.

नारळ फुटला आणि कुलकर्णी मॅडमनी फाइल उघडली. "मोहिते, संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचंय. व्हाय-व्हाय करून टाकू."

व्हाय-व्हाय म्हणजे दोष सापडला की पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या उत्तराशी मूळ कारण असतं, असं मानतात. मॅडम विचारत होत्या, मी लिहीत होतो. ऋता प्रसादाची वाटी हातात धरून वडिलांकडे बघत होती.

"जुना फोन पिंजऱ्यात का?"

"नव्याची ट्रायल संपली नाही म्हणून."

"एकवीस पाळ्या झाल्या. का संपली नाही?"

"कार्ड पूर्ण झालं नाही म्हणून."

"का झालं नाही?"

"दुसऱ्या तपासनिसाची सही नाही."

"का नाही?"

"तपासनीस इथं नव्हता."

"का नव्हता?"

"हैदराबादला होती," मोहिते म्हणाले.

मॅडमनी ऋताकडे बघितलं. मोहित्यांनी खिशातून आयफोन काढला, त्यातलं सिमकार्ड काढून घेतलं, त्यावर चिकटवलेला पिवळा 'ट्रायल' कागद नीट दाबला आणि फोन ऋताच्या हातात दिला.

"पप्पा, हा तुमच्यासाठी घेतलाय मी."

"तुला परत कोण द्यायलंय? दुसरी तपासणी आहे. एकवीस पाळ्या. खुल्या मनानं वापर. नाही आवडला तर आणून दे. मी रागावणार नाही."

ऋताने आईकडे बघितलं. वहिनी झेंडूची माळ सरळ करत होत्या.

"आणि तुझा जुना दे इकडं," मोहिते म्हणाले. "मिसळलेला माल चालत नाही."

ऋताने सिमकार्ड काढून फोन दिला आणि येळवंड्यांनी लेबलांचा गठ्ठा पुढे केला. वस्तू: फोन. नग: एक. तिसऱ्या रकान्याशी ते सवयीने थांबले आणि मोहित्यांकडे बघायला लागले. मोहित्यांनी पेन घेतलं आणि एका दमात लिहिलं, 'काच फुटलेली.'

"आता कसं," येळवंडे म्हणाले. ते पिंजऱ्याकडे गेले, हा फोन आत ठेवला आणि मोहित्यांचा जुना बाहेर आणला. "घ्या सायेब. फुल चार्ज हाय."

ऋताने हळूच विचारलं, "पप्पा, पण निकाल काय? आवडला की नाही?"

"ट्रायल चालू आहे," मोहिते म्हणाले.

मग त्यांनी आपला जुना अँड्रॉइड दोन्ही हातांत धरला, चेहऱ्यासमोर बरोबर हातभर अंतरावर उभा केला, हनुवटी किंचित पुढे काढली आणि वाट बघत उभे राहिले. आम्ही सगळे बघत होतो. ते हलेनात. फोनही उघडेना.

"पप्पा," ऋता म्हणाली, "त्याला अंगठा लावायचा असतो."